नऊ एकांचा वर्ग

चौकटीच्या वहीचं एक पान घ्या आणि शाळेत शिकलो तशी उभी मांडणी करून १११११११११ ला १११११११११ नं गुणा. नऊ एक गुणिले नऊ एक. कॅल्क्युलेटर नको. तो उत्तर देईल, पण जे बघायचं आहे ते दाखवणार नाही.

एकानं गुणायचं असल्यामुळे पाढे लागतच नाहीत. पहिल्या ओळीत नऊ एक येतात. दुसऱ्या ओळीतही नऊच, पण एक घर डावीकडे सरकून. तिसरी ओळ आणखी एक घर डावीकडे. नऊ ओळी झाल्या की पानावर एकांचा एक तिरका पट्टा तयार होतो. आता उजवीकडून एकेक रकाना मोजत चला. पहिल्या रकान्यात एक एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात सगळ्या नऊ ओळी एकावर एक येतात. दहाव्यात वरची पहिली ओळ संपलेली असते म्हणून आठ, मग सात, सहा, आणि शेवटी डावीकडच्या टोकाला पुन्हा एकटा एक. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. बेरजेच्या जागी फक्त रकान्यांची उंची लिहायची:

१२३४५६७८९८७६५४३२१

एक ते नऊ चढायचं आणि नऊपासून एकपर्यंत उतरायचं. सतरा अंकी संख्या. वाचायची झाली तर एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं-दशं-शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यात हिचा पहिला एक ‘मध्य’ नावाच्या सतराव्या स्थानावर बसतो आणि शिखरावरचा नऊ ‘अर्बुदा’च्या जागी येतो. परार्धाचं घर तेवढं रिकामं राहतं.

ही संख्या मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचा चेहराच पुरेसा वाटला होता. आरशात पाहावं तशी ती दोन्हीकडून सारखी दिसते, आणखी काय हवं? पण तिच्या आत शिरायला लागलं की हा चेहरा तिच्या नवलाईतला सगळ्यात साधा भाग ठरतो.

हिच्या कुळाला नाव आहे: डेमलो संख्या. ते दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावर त्यांना या संख्यांचा विचार सुचला आणि त्यांनी त्या स्टेशनाचंच नाव संख्यांना देऊन टाकलं. ते डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली. संख्यासिद्धान्तात थोरामोठ्यांच्या नावाच्या संख्या पुष्कळ आहेत. मध्य रेल्वेवरच्या स्टेशनाच्या नावाची संख्या असणं मला फार लोभस वाटतं.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली जागा नाही. साथीला अंक, कागद आणि अफाट चिकाटी. ६१७४ या संख्येमुळे आज त्यांचं नाव जगभर ठाऊक आहे, पण ती कीर्ती उशिरा आली. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. डेमलो संख्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे. के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांचा सिद्धान्त मांडला होता.

डेमलो संख्या ओळखायची कशी? तिचे तीन तुकडे पडतात: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक असतो. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, मध्येही सहा. आता आपली संख्या तशीच तोडा. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. डावी-उजवी मिळवा. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ, बेरीज ९९९९९९९९. आणि मधोमध तो नऊ आधीपासूनच उभा आहे.

हे काही योगायोगानं जुळलेलं नाही. ९९९९९९९९९ नं गुणणं म्हणजे शंभर कोटींनी गुणून मूळ संख्या एकदा वजा करणं. १२३४५६७९ घ्या (आठ गाळून, त्याच्याकडे येतोच आहे). तिच्यापुढे नऊ शून्यं लिहा आणि त्यातून तीच संख्या वजा करा. डावा भाग एकानं घटून १२३४५६७८ होतो आणि उजवीकडे शंभर कोटींतून १२३४५६७९ गेल्यावर ९८७६५४३२१ उरतात. शेजारी शेजारी लिहिले की आपली संख्या तयार. डावी-उजवीची बेरीज नऊच येणार, कारण जे डावीकडे ठेवलं जवळपास तेच उजवीकडून काढून घेतलं आहे. प्रत्येक डेमलो संख्येच्या पोटात असाच एकसारख्या अंकांचा अवयव लपलेला असतो. कापरेकरांनी नुसतं नक्षीला नाव दिलं नव्हतं, नक्षी उमटवणारा ठसाही त्यांना सापडला होता.

या ठशाची गंमत आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्यांनी काही गुणाकार असे योजले आहेत की उत्तराचे अंक गळ्यातल्या माळेसारखे दोन्हीकडून सारखे ओवले जावेत. १२३४५६७९ ला ९ नं गुणा, उत्तर १११११११११. २७९९४६८१ ला ४४१ नं गुणा, उत्तर १२३४५६५४३२१. ही दुसरी माळ म्हणजे सहा एकांचा वर्ग, आपल्या संख्येची धाकटी बहीण. या संख्येचं वर्णनही त्यांनी एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमानं उतरणारी असं केलं आहे. अंकांकडे रत्नांसारखं पाहणारा हा माणूस होता, आणि मला त्यात पोरकटपणा जराही दिसत नाही.

आता तो गाळलेला आठ. १२३४५६७९ × ९ हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल: आवडता अंक सांगा, सात म्हणालात तर ९ × ७ म्हणजे ६३ नं गुणा, उत्तर ७७७७७७७७७. पण आठ जातो कुठे हे सहसा कुणी सांगत नाही. एकाला एक्याऐंशीनं भागून बघा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं ते अखंड चालतं. एक्याऐंशी म्हणजे नऊ नव्वे, आणि एक नवमांश म्हणजे ०.११११… हा न संपणारा एकांचा धागा. या धाग्याचा वर्ग केला की पुन्हा तेच सरकलेल्या ओळींचं चित्र उभं राहतं, फक्त रकाने उतरणीला लागतच नाहीत: एक, दोन, तीन, असे चढतच राहतात. नऊनंतरच्या रकान्यात दहा येतात. दहा एका घरात मावत नाहीत, म्हणून एक हातचा शेजारच्या नऊकडे जातो. नऊचे दहा होतात, तिथे शून्य राहतं आणि हातचा एक आठकडे. आठचे नऊ होतात आणि प्रकरण थांबतं. म्हणजे आठ हरवलेला नाही, हातचा मिळून तो नऊ झाला आहे. त्या १२३४५६७९ मधला शेवटचा नऊ हाच तो आठ.

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्यांना नाव दिलं: हर्षद. आपल्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणारी संख्या ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, आणि तिला नऊनं भाग जातो; हर्षद. तिच्या वर्गाच्या, म्हणजे आपल्या संख्येच्या, अंकांची बेरीज एक्याऐंशी, आणि तिला एक्याऐंशीनं भाग जातो, हर्षद. इथपर्यंत ठीक. १२३४५६७९ मिळवून बघा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि नऊ मिळून सदतीस. आता सदतीसनं भागा: १२३४५६७९ भागिले ३७ बरोबर ३३३६६७. बाकी शून्य. ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा मी भागाकार दोनदा तपासला होता.

आणि इथूनच वाट खऱ्या अर्थानं आत जाते, कारण ३७ आणि ३३३६६७ हे या संख्येचे मूळ अवयव आहेत. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. यातले १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. वर्ग घेतला की आपली सतरा अंकी संख्या अशी उलगडते: चार वेळा ३, दोनदा ३७, दोनदा ३३३६६७. संपलं. एवढ्या मोठ्या संख्येच्या तळाशी फक्त तीन मूळ संख्या.

३३३६६७ मूळ आहे हे हातानं तपासायचं तर? तिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर आहे. तिथपर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहणं हा सरळ मार्ग. पण दुसरा मार्ग अधिक सुंदर आहे, आणि तो भागाकाराच्या बाक्यांतून जातो.

एकाला तेरानं भागताना बाक्या येतात त्या अशा: १, १०, ९, १२, ३, ४ आणि पुन्हा १. सहा बाक्यांचा फेरा, म्हणून ०.०७६९२३ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. दोनाला तेरानं भागलं तर उरलेल्या सहा बाक्या येतात: २, ७, ५, ११, ६, ८. एकूण बारा बाक्या, सहा-सहाचे दोन फेरे. मूळ संख्येनं भागताना सगळे फेरे सारख्या लांबीचे असतात, एखादा लांब आणि एखादा तोकडा असं होत नाही. त्यामुळे फेऱ्याच्या लांबीनं त्या मूळ संख्येपेक्षा एकानं कमी असलेल्या संख्येला भाग जायलाच हवा. फर्मानं १६४० मध्ये सांगितलेल्या नियमाचंच हे एक रूप आहे. १८०१ साली आलेल्या गाउसच्या मोठ्या ग्रंथात दशांशांच्या या फेऱ्यांचं तपशिलात विवेचन आहे.

आता ३३३६६७ ला जर एखादा मूळ अवयव असेल, तर त्यानं ९९९९९९९९९ लाही भाग जाईल, आणि त्यामुळे त्याच्या दशांशाचा फेरा नऊचा, तीनचा किंवा एकचा असेल. एकचा फेरा फक्त तीनाचा. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणून तीन बाद. तीनचा फेरा फक्त सदतीसचा. सदतीसनं भागलं तर एक उरतो, म्हणून सदतीसही बाद. मग फेरा नऊचाच हवा. म्हणजे त्या अवयवातून एक वजा केल्यावर नऊनं भाग गेला पाहिजे, आणि तो विषम असल्यामुळे अठरानंही. एकशे सहा उमेदवारांतून उरतात फक्त सोळा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा भागाकार अर्ध्या तासाचं काम आहे. करून पाहा. एकानंही भाग जात नाही.

आपल्या हातात आता तीन मूळ संख्या आहेत: ३, ३७ आणि ३३३६६७. तिघींचे दशांश लिहू. एक तृतीयांश ०.३३३…, फेरा एक अंकाचा. एक भागिले सदतीस ०.०२७०२७…, फेरा तीन अंकांचा. एक भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, फेरा नऊ अंकांचा. आणि खरं नवल पुढे आहे. एक अंकी फेरा असलेली मूळ संख्या जगात एकच: ३. तीन अंकी फेऱ्याची एकच: ३७. नऊ अंकी फेऱ्याचीही एकच: ३३३६६७. अनंत मूळ संख्यांमध्ये या तिघींना आपापल्या लांबीची दुसरी जोडीदार नाही. सात आणि तेरा यांचं तसं नाही, दोघींचा फेरा सहाचा. एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर यांचा पाचचा.

अशा एकट्या मूळ संख्या किती दुर्मीळ असतात? एकावर पन्नास शून्यं लिहा. त्या मर्यादेच्या आत असलेल्या मूळ संख्या एकावर सत्तेचाळीस शून्यांहूनही अधिक आहेत. त्यांत एकट्या फक्त अठरा. आणि आपल्या डेमलो संख्येचे तिन्ही मूळ अवयव त्या अठरांतले आहेत. चौथा अवयव नाहीच. वरून दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी ही संख्या आतून संपूर्णपणे या एकाकी संख्यांनी बांधलेली आहे, आणि बाहेरच्या नक्षीवरून आतल्या या दुर्मीळपणाचा अंदाजही येत नाही.

हार्डीनं १९४० च्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अंकांच्या असल्या चमत्कारांना कोड्यांच्या सदरातली जागा दिली होती. गणितीला भिडेल असं त्यांत काही नाही, असं त्याचं मत. मोठ्या माणसाचं मत आहे, तरी मला ते इथे पटत नाही. संख्या दहाच्या पायावर लिहायच्या हा आपला निर्णय आहे हे खरं, पण दहाचे घात एखाद्या मूळ संख्येच्या बाक्यांमध्ये कसे फिरतात हा प्रश्न संख्यासिद्धान्ताच्या गाभ्याचा आहे. ज्यांचा दशांश फेरा शक्य तितका लांब असतो अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आर्टिननं १९२७ मध्ये तसा अंदाज बांधला, तो अजून अंदाजच आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हेही कुणाला ठाऊक नाही. दोन एक, एकोणीस एक, तेवीस एक, मग थेट तीनशे सतरा एक आणि नंतर एक हजार एकतीस एक, जिचं मूळपण १९८६ मध्ये सिद्ध झालं. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेला विचार या प्रश्नांच्या अगदी शेजारी उभा आहे.

३३३६६७ ची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचे मधोमध दोन तुकडे करा: ३३३ आणि ६६७. दोन्हींचे घन काढून मिळवा. ३६९२६०३७ आणि २९६७४०९६३. बेरीज ३३३६६७०००. तीच संख्या, मागे तीन शून्यं घेऊन. कारणही सरळ आहे: दोन घनांच्या बेरजेत त्या दोन संख्यांची बेरीज हा एक अवयव असतो, ३३३ आणि ६६७ मिळून हजार होतात, आणि दुसरा अवयव मांडला की दहा लाखांतून ६६६३३३ वजा होऊन ३३३६६७ उरतात.

एक, तीन, नऊ अशी ही एकट्या संख्यांची साखळी पुढच्या पायरीवर, सत्तावीसवर, तुटते. सत्तावीस अंकी फेऱ्याच्या मूळ संख्या दोन आहेत, ७५७ आणि ४४०३३४६५४७७७६३१. नऊवरच थांबलेली संख्या आपल्या वाट्याला आली.

नऊ एकांनंतर चेहऱ्याचंही तसंच होतं. दहा एकांचा वर्ग करायला बसलं की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला. डावीकडे आठ नाही, उजवीकडे आहे. संख्या बाराच्या पायावर लिहिली तर अकरा एकांपर्यंत आरसा टिकेल, सोळाच्या पायावर पंधरा एकांपर्यंत. दहाच्या पायावर मात्र नऊ ही शेवटची पायरी.

पण कापरेकरांच्या नावाची आणखी एक जात आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. वर्ग तोडून मिळवला की जी स्वतःकडे परत येते ती कापरेकर संख्या. त्या फुटलेल्या आरशाचे तसेच दोन तुकडे करा, उजवीकडून दहा अंक मोजून: डावीकडे १२३४५६७९०, उजवीकडे ०९८७६५४३२१. आता एकाखाली एक मांडून मिळवा. उत्तर ११११११११११, दहाच्या दहा एक.